हिप्-हॉपचें मूळ : एक निमंत्रणपत्रिका, एक वही व कांहीं फिती

१. प्रयोजन

या त्रैमासिकांत सनदा, महजर, करीणे, शकावल्या व जुन्या पोथ्या यांची चर्चा नित्य होत असते. न्यूयॉर्क शहराच्या एका दरिद्री भागांतील मुलांनीं पन्नास वर्षांपूर्वीं आरंभिलेल्या गाण्यानाचण्याचा विचार येथें कशासाठीं, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. मलाहि ती आली होती. माझा नातू एक लांबलचक पद्य मोठ्या वेगानें म्हणत असतां मीं त्यास "ही कसली बडबड?" म्हणून हटकलें. तो म्हणाला, "आजोबा, पोथी न पाहतां अभिप्राय देऊं नये, असें तुम्हीच सांगतां ना?" आयुष्यभर संस्कृत शिकवितांना जें मुलांस सांगितलें, तेंच माझ्यापुढें उभें राहिलें. उत्तर देणें भाग होतें, म्हणून पाहूं लागलों.

पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, आपण ज्या प्रश्नांशीं रोज झगडतों तेच येथेंहि उभे आहेत. मूळ कागद कोणता व मागाहून रचलेली बखर कोणती. पद्याचा खरा कर्ता कोण. एकाच्या वहींतील मजकूर दुसऱ्याच्या नांवावर कसा गेला. साधनें कोणीं राखलीं व कोणीं विकलीं. हे ते प्रश्न होत. आणखी एक विशेष असा कीं, आपणांस ज्ञानेश्वरीच्या लेखनिकास कांहीं विचारतां येत नाहीं. येथें मात्र कांहीं कर्ते हयात आहेत आणि तरीहि त्यांच्या साक्षी एकमेकींशीं जुळत नाहींत. हिप्-हॉप या नांवाखालीं तबकडीवादन, ठेक्यावर पद्य म्हणणें, विशिष्ट नृत्य व भिंतींवरील नामलेखन हीं चार अंगें सामान्यतः गणली जातात. त्यांच्या उगमाविषयीं अस्सल पुराव्यानें काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. देश व काल

ब्राँक्स हा न्यूयॉर्क शहराचा उत्तरेकडील विभाग. १९४८ ते १९७२ या काळांत रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याच्या योजनेनें या विभागाच्या ऐन मध्यांतून क्रॉस-ब्राँक्स नांवाचा वाहनांचा महामार्ग काढण्यांत आला. दाट वस्तीचे मोहल्ले कापून तो नेल्यामुळें हजारों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. रॉबर्ट कॅरो यानें मोझेसच्या चरित्रांत (१९७४) या विध्वंसाचें जें वर्णन केलें आहे तें मुळांतून वाचण्यासारखें आहे. ज्यांना शक्य होतें ते गोरे मध्यमवर्गीय उपनगरांकडे गेले. कारखान्यांतील रोजगार आटला. दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोचे व वेस्ट इंडीज बेटांतील लोक मागें राहिले किंवा नव्यानें आले. घरभाड्यांतून लाभ होईना, तेव्हां कित्येक मालकांनीं इमारती वाऱ्यावर सोडल्या. कित्येकांनीं विम्याच्या रकमेसाठीं आगी लावविल्या. त्याच सुमारास शहरानें खर्चकपातीसाठीं अग्निशामक पथकें बंद केलीं. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधील सात गणना-विभागांत शेंकडा ९७ हून अधिक इमारती आगीनें व परित्यागानें नाहींशा झाल्या. १९७५ सालीं शहराचा खजिना दिवाळें निघण्याच्या बेतास आला. ५ ऑक्टोबर १९७७ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं तेथील शार्लट स्ट्रीटवरील ढिगारे स्वतः जाऊन पाहिले.

अशा ठिकाणीं तरुण मुलांच्या टोळ्या झाल्या. एका टोळीचा मुलगा दुसरीच्या गल्लींत गेला तर सुखरूप परतेल याची खात्री नसे. २ डिसेंबर १९७१ रोजीं 'गेटो ब्रदर्स' या टोळीचा शांतिदूत कॉर्नेल बेंजामिन, ज्यास लोक 'ब्लॅक बेंजी' म्हणत, हा भांडण मिटवावयास गेला असतां मारला गेला. त्याचा सूड उगविण्याची सर्व सिद्धता होती. परंतु टोळीच्या प्रमुखांनीं सूड न घेतां ८ डिसेंबर रोजीं हो ॲव्हेन्यूवरील बॉईज क्लबमध्यें सर्व टोळ्यांची सभा बोलावली आणि तेथें तह झाला. तहानें मारामाऱ्या समूळ थांबल्या असें नाहीं. पण एका मोहल्ल्यांतील मुलांस दुसऱ्यांत जातां येऊं लागलें. पुढें ज्या मेजवान्यांतून ही कला वाढली, त्यांस निरनिराळ्या मोहल्ल्यांचीं मुलें एकत्र येत. म्हणून या कलेची शकावली करावयाची, तर तिच्यांत पहिली नोंद कोणा वादकाची न करितां या तहाची करावी, असें माझें मत आहे.

३. पत्रिका

आतां मुख्य कागदाकडे वळूं. क्लाइव्ह कँपबेल याचा जन्म १६ एप्रिल १९५५ रोजीं जमैकांतील किंग्स्टन येथें झाला. १९६७ सालीं तो आईबापांकडे ब्राँक्समध्यें आला. अंगापिंडानें धिप्पाड असल्यामुळें मुलें त्यास हर्क्युलीस म्हणत. त्यावरून 'कूल हर्क' हें नांव रूढ झालें. त्याची बहीण सिंडी हिला शाळेच्या नव्या वर्षासाठीं कपडे घ्यावयाचे होते. त्या पैशासाठीं तिनें आपण राहत होतों त्या १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतींतील करमणुकीची खोली भाड्यानें घेतली आणि लहान कार्डांवर हातानें निमंत्रणें लिहिलीं. ठिकाण, तारीख ११ ऑगस्ट १९७३, वेळ रात्रीं ९ ते पहाटे ४, प्रवेशमूल्य मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट, वादक कूल हर्क, इतका मजकूर त्यांवर होता. त्या दिवशीं शनिवार होता.

कागद लहान, पण अस्सल साधनाचीं लक्षणें त्यांत आहेत. तो प्रसंगाच्या आधींचा आहे; लिहिणारी स्वतः कार्याची कर्ती आहे; आणि लिहितांना आपण इतिहास लिहीत आहों याची तिला कल्पना नाहीं. राजवाडे यांनीं बखर व अस्सल पत्र यांतील जें तारतम्य आपणांस शिकविलें, त्या कसोटीस ही पत्रिका उतरते. पण मग तिनें काय सिद्ध होतें, हेंहि त्याच काटेकोरपणें सांगितलें पाहिजे. अमुक रात्रीं अमुक ठिकाणीं कूल हर्क याच्या वादनाचा कार्यक्रम योजिला होता, एवढें सिद्ध होतें. त्यानें काय वाजविलें, कसें वाजविलें, लोक कसे नाचले, हें पत्रिका सांगत नाहीं. पुढें वर्णिलेली त्याची युक्ति त्याच रात्रीं पूर्णत्वास आली, असें मानण्यास आधार नाहीं. ती कालांतरानें सिद्ध झाली. 'हिप्-हॉप' हा शब्द तर पत्रिकेंत नाहींच.

तरीहि ही तारीख जन्मतिथि म्हणून स्थिर झाली आहे. २०२१ सालीं अमेरिकेच्या सेनेटनें ११ ऑगस्ट हा हिप्-हॉपचा स्मरणदिन ठरविला व २०२३ सालीं सर्वत्र पन्नासावा वाढदिवस साजरा झाला. उत्सवास तिथि लागते, त्यांत गैर कांहीं नाहीं. संशोधकानें मात्र उत्सवाची तिथि व उगमाचा पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. आणखी एक नोंद येथें करणें न्याय्य होईल. कार्य योजिलें बहिणीनें, कागद लिहिला बहिणीनें, खर्चाचा व उत्पन्नाचा हिशेब तिचा; कीर्ति मुख्यतः भावास मिळाली. आपल्याकडील कित्येक कागदांतहि स्त्रियांचें नांव असेंच समासांत राहिलें आहे.

४. नवें काय घडलें

नाचणारीं मुलें तबकडीवरील सगळें गाणें सारख्याच उत्साहानें नाचत नाहींत. गायन व इतर वाद्यें थांबून केवळ ताल उरतो त्या थोड्या क्षणांची तीं वाट पाहतात, हें हर्कच्या ध्यानांत आलें. या अंशास तेथें 'ब्रेक' म्हणतात. तो कांहीं सेकंदांचा असे. हर्कनें एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरील ब्रेक संपतांच दुसरीवरील सुरू करावयाचा, तोंवर पहिली मागें फिरवून घ्यावयाची, अशा रीतीनें क्षणाचा काल लांबविला. या युक्तीस तो 'मेरी-गो-राऊंड' म्हणे. जेम्स ब्राउन याचीं गाणीं व 'इन्क्रेडिबल बोंगो बँड' या वाद्यवृंदाची १९७३ सालची तबकडी हीं त्याचीं आवडतीं साधनें होत. जीं मुलें ब्रेकवर नाचत त्यांस तो 'बी-बॉय' म्हणूं लागला. त्याचा सोबती कोक ला रॉक हा ध्वनिक्षेपकावरून मित्रांचीं नांवें व लहान लहान यमकें पुकारी.

या युक्तीस शास्त्राचें रूप दिलें तें जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश यानें. हा बार्बाडोस बेटांत १९५८ सालीं जन्मला व ब्राँक्समध्यें विद्युत्-यंत्रांचें शिक्षण देणाऱ्या शाळेंत शिकला. हर्कची नेमकी जागा अंदाजानें साधे, ती फ्लॅशनें खडूनें तबकडीवर खूण करून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मोजून साधली. दुसरी तबकडी श्रोत्यांस ऐकूं न येतां स्वतःच्या कानांत ऐकण्याची सोय त्यानें करून घेतली. त्याच्या सहवासांत वाढलेला थिओडोर लिव्हिंग्स्टन यानें १९७५ च्या सुमारास तबकडी हातानें पुढेंमागें घासून निघणारा आवाज वादनांत आणला. आई रागावण्यास दाराशीं आली असतां त्यानें हात ठेवून तबकडी धरून ठेविली व तींतून हें सुचलें, अशी कथा तो स्वतः सांगतो. जें यंत्र दुसऱ्याचें गायन ऐकविण्यासाठीं होतें, तेंच स्वतंत्र वाद्य झालें. संगीताच्या इतिहासांत ही लहान गोष्ट नव्हे.

आफ्रिका बंबाटा यानें 'ब्लॅक स्पेड्स' टोळींतील मुलांस वळवून 'झुलु नेशन' ही संस्था काढली व टोळीच्या भांडणाचें रूपांतर नृत्यगायनाच्या स्पर्धेंत करण्याचा उपक्रम केला. या कार्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. परंतु २०१६ सालीं कित्येकांनीं त्याच्यावर बालकांच्या लैंगिक छळाचे गंभीर आरोप केले, त्यानें ते नाकारले व संस्थेचें पुढारीपण त्याच्याकडून गेलें, हेंहि त्याच ओळींत नमूद केलें पाहिजे.

समकालीन छापील पुरावा विरळ आहे. १ जुलै १९७८ च्या 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकांत रॉबर्ट फोर्ड यानें एक लहान वृत्त दिलें. ब्राँक्समधील मुलें दुकानांत येऊन जुन्या, विस्मृत तबकड्या केवळ ब्रेकसाठीं मागतात, असा त्याचा आशय असून हर्कचें नांव त्यांत आहे. पांच वर्षें चाललेली गोष्ट व्यापाऱ्यांस कळली ती दुकानांतील मागणीवरून. लोककलेची पहिली नोंद पुष्कळदां अशीच आडवळणानें सांपडते.

५. पूर्वपरंपरेचा वाद

या कलेचें मूळ आणखी मागें कोठें न्यावें, याविषयीं मतभेद आहेत. पहिला पक्ष जमैकाचा. तेथें मोठमोठे ध्वनिक्षेपक रस्त्यावर मांडून तबकड्या वाजविण्याची व त्यांवर बोलण्याची प्रथा होती. हर्क तेथें जन्मला. तेव्हां मूळ जमैकांत, असें अनुमान. परंतु एका प्रसिद्ध मुलाखतींत खुद्द हर्कनेंच हा संबंध नाकारून जेम्स ब्राउन व 'हसलर्स कन्व्हेन्शन' ही १९७३ सालची पद्यमय तबकडी यांस श्रेय दिलें आहे. उलट, बालपणीं पाहिलेल्या जमैकन ध्वनियंत्रांच्या आठवणीहि त्यानें अन्यत्र सांगितल्या आहेत. एकाच साक्षीदाराचे दोन जबाब झाले. त्यांचा मेळ असा घालतां येईल : यंत्रांची मांडणी व त्यांचा दणदणाट हा वारसा जमैकाचा, पण वाजविलेलें संगीत व बोलण्याची धाटणी अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांची, कारण ब्राँक्सचीं मुलें जमैकाच्या गाण्यांवर नाचावयास तयार नव्हतीं.

दुसरा पक्ष हार्लेमचा. तेथें १९६८ सालीं 'लास्ट पोएट्स' हा कवींचा मेळा निघाला व ढोलाच्या साथीवर राजकीय पद्यें म्हणूं लागला. डीजे हॉलिवूड नांवाचा वादक तेथील क्लबांत प्रौढ श्रोत्यांपुढें तालावर यमकें म्हणत असे. तिसरा पक्ष थेट पश्चिम आफ्रिकेंतील 'ग्रिओ' या वंशपरंपरागत भाटांपर्यंत जातो. या शेवटल्या पक्षाविषयीं सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन गोष्टींत साम्य आहे एवढ्यानें एकीपासून दुसरी निघाली असें होत नाहीं. मधले दुवे दाखवावे लागतात. साम्यच पाहावयाचें तर आपल्या कलगी-तुऱ्याच्या झगड्यांतहि तें दिसेल. पण म्हणून ब्राँक्सच्या मुलांस शाहिरांचे वंशज कोणी म्हणणार नाहीं.

नामलेखनाची गोष्ट तर तारखांनींच निकालांत निघते. न्यूयॉर्कच्या भिंतींवर 'टाकी १८३' असें लिहीत जाणाऱ्या एका मुलाविषयीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें २१ जुलै १९७१ रोजीं लेख छापला. हा मुलगा ग्रीक वंशाचा, ब्राँक्सच्या बाहेर राहणारा; आंकडा त्याच्या रस्त्याचा. सिंडीच्या पत्रिकेच्या दोन वर्षें आधींच्या या लेखावरून स्पष्ट होतें कीं, चारी अंगें एका वेळीं, एका घरीं जन्मलीं नाहींत. तीं निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन एकाच मुलांच्या हातीं एकत्र झालीं व मागाहून त्यांस एक नांव मिळालें. नृत्याच्या अंगांत पोर्तो रिकन मुलांचा वाटा फार मोठा आहे, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे.

नांवाची कथा अशी सांगतात. फ्लॅशच्या मेळ्यांतील कीथ विगिन्स ऊर्फ काउबॉय हा सैन्यांत चाललेल्या मित्राची थट्टा करतांना कवायतीच्या चालीवर कांहीं निरर्थक अक्षरें तालांत म्हणूं लागला व तींच पुढें नांव झालीं. लव्हबग स्टार्स्की या वादकाचाहि हक्क सांगितला जातो. वाद कांहीं असो, १९८२ सालच्या न्यूयॉर्कच्या नियतकालिकांत हा शब्द या संपूर्ण चळवळीचें नांव म्हणून छापलेला मिळतो. म्हणजे बारसें मूल नऊ वर्षांचें झाल्यावर!

६. वही

आतां ज्या भागासाठीं हा लेख मुख्यत्वें लिहिला, तेथें येतों. १९७९ च्या सप्टेंबरांत 'शुगरहिल गँग' या मेळ्याची 'रॅपर्स डिलाइट' ही सुमारें साडेचौदा मिनिटांची तबकडी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं थोडी आधीं 'फॅटबॅक बँड' यांची एक तबकडी निघाली होती. पण जगास या कलेची ओळख झाली ती 'रॅपर्स डिलाइट'मुळें. ती काढणारी सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः गायिका व चतुर व्यापारी. तिची कंपनी न्यू जर्सींतील इंगलवुड गांवीं होती. मेळ्यांतील तिघांपैकीं एकहि ब्राँक्सच्या मेजवान्यांतील नामांकित कवि नव्हता. एक होता हेन्‍री जॅक्सन ऊर्फ बिग बँक हँक; तो पिझ्झाच्या दुकानांत काम करतां करतां तालावर पद्यें म्हणत असतां त्याची निवड झाली.

तीं पद्यें होतीं ग्रँडमास्टर कॅझ याचीं. हँक हा कॅझच्या मेळ्याची व्यवस्था पाहत असे. संधि येतांच तो कॅझकडे गेला व त्यानें त्याची पद्यांची वही मागितली. कॅझनें ती त्याच्यापुढें टाकली व हवें तें घे म्हणाला. यांतून कांहीं निघेल असें त्याला वाटलें नाहीं. तबकडी लक्षावधि खपली. आपणांस श्रेय मिळालें नाहीं व मोबदलाहि नाहीं, असें कॅझ पुढें वारंवार सांगत आला आहे.

त्याच्या म्हणण्यास पुरावा काय, असें कोणी विचारील. पुरावा खुद्द तबकडींत आहे. कॅझचें त्या वेळचें दुसरें नांव 'कॅसानोव्हा फ्लाय' असें होतें, आणि वहींतील पद्यांत त्यानें तें एक एक अक्षर सुटें उच्चारून गुंफलें होतें. हँकनें नकलतांना तें बदललें नाहीं. आपलें म्हणून गाइलेल्या पद्यांत तो दुसऱ्याचें नांव अक्षरशः उच्चारीत राहिला. तुकोबांचा अभंग एखाद्यानें स्वतःचा म्हणून गावा आणि शेवटीं 'तुका म्हणे' तसेंच राहूं द्यावें, असा हा प्रकार. आपले कवि मुद्रा कां घालीत याचें उत्तर येथें मिळतें. लेखनिक बदलतो, पोथी हातोहात फिरते, मुखपृष्ठ फाटतें. मुद्रा मजकुराच्या पोटांत असल्यामुळें टिकते.

येथें एक घरगुती आठवण सांगण्याचा मोह आवरत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं सुभाषितांचें एक बाड नकलून त्यावर टिपणें केलीं होतीं. एका गृहस्थांस तें वाचावयास दिलें. तें परत आलें नाहीं. कांहीं वर्षांनीं तीं टिपणें मला एका छापील पुस्तकांत भेटलीं, आणि तेथें एका शब्दांत मीं केलेली नकलेची चूक जशीच्या तशी होती. माझी चूक हीच माझी मुद्रा झाली. त्यामुळें कॅझची कथा ऐकतांना ती मला परकी वाटली नाहीं.

या प्रकरणाचा दुसरा पदर असा. तबकडींतील साथीचा ठेका 'शिक' या मेळ्याच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावरून घेतला होता. त्याचे कर्ते नाइल रॉजर्स व बर्नर्ड एडवर्ड्स यांनीं कायद्याचा इशारा देतांच त्यांचीं नांवें कर्ते म्हणून घालण्यांत आलीं. ज्यांच्यापाशीं नोंदलेला हक्क व वकील होता त्यांस न्याय मिळाला. ज्याच्यापाशीं केवळ वही होती त्यास मिळाला नाहीं. दस्तऐवजाची किंमत दरिद्री माणसास सर्वांत उशीरां कळते, आणि तीहि नुकसान झाल्यावर.

७. कर्तृत्वाचें दुसरें कोडें

१९८२ सालीं 'दि मेसेज' ही तबकडी निघाली. तिच्यावर ग्रँडमास्टर फ्लॅश व त्याचा मेळा 'फ्युरिअस फाइव्ह' यांचें नांव आहे. परंतु फ्लॅशचा तिच्या निर्मितींत हात नाहीं. बहुतेक रचना एडवर्ड फ्लेचर ऊर्फ ड्यूक बूटी याची असून मेळ्यापैकीं मुख्य आवाज मेली मेल याचा एकट्याचा आहे. शेवटलें कडवें, ज्यांत एका मुलाचें दारिद्र्यापासून तुरुंगांतील मृत्यूपर्यंतचें आयुष्य वर्णिलें आहे, तें मेली मेल यानें १९७९ सालच्या 'सुपररॅपिन' या तबकडींत आधींच म्हटलें होतें. तेथें तें थट्टामस्करीच्या पद्यांच्या गर्दींत हरवलें. येथें योग्य स्थळीं बसतांच सर्व गीताचा अर्थ तेंच झालें. एका ग्रंथांतील दुर्लक्षित श्लोक दुसऱ्यांत जाऊन सार्थ होतो, अशीं उदाहरणें सुभाषितसंग्रह चाळणाऱ्यांस अपरिचित नाहींत. ड्यूक बूटी पुढें अध्यापक झाला व २०२१ सालीं वारला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची सूचि आरंभिली, तेव्हां २००२ सालच्या पहिल्याच यादींत 'दि मेसेज'चा समावेश केला. 'रॅपर्स डिलाइट'चा २०११ सालच्या यादींत झाला.

८. समाजावरील परिणाम

'दि मेसेज'पूर्वीं ही पद्यें बहुधा आत्मस्तुतीचीं व करमणुकीचीं असत. तिच्यापासून पडक्या इमारती, बेकारी, पोलिसांचा जाच हे विषय पद्यांत आले. १९८८ सालीं लॉस एंजेलिसच्या 'एन्‌. डब्ल्यू. ए.' या मेळ्यानें पोलिसांविरुद्ध उघड पद्य काढलें. १९८९ सालीं एफ्‌. बी. आय्‌. या खात्याच्या एका अधिकाऱ्यानें त्याच्या प्रकाशकास निषेधाचें पत्र धाडलें. १९९१ सालीं रॉडनी किंग यास पोलिसांनीं मारहाण केल्याचें चित्रमुद्रण जगानें पाहिलें व १९९२ सालीं त्या शहरांत मोठा दंगा झाला. जी तक्रार पद्यांत तीन वर्षें पडून होती, ती अर्जांत असती तर तिची दखल कदाचित् वेळींच घेतली गेली असती.

पण पद्य हें साधन म्हणून वापरतांना विवेक हवा. पोवाड्यांतील सैन्यसंख्या आपण हजिरीपटाप्रमाणें धरीत नाहीं. अमेरिकेंतील न्यायालयांत मात्र आरोपीनें रचलेलीं रॅपपद्यें त्याच्या गुन्ह्याची कबुली म्हणून पुढें मांडण्याचे प्रकार घडले. काव्यांतील 'मी' हा सर्वदा कवि नसतो, हें अलंकारशास्त्राचा विद्यार्थीहि जाणतो. अशा पुराव्यावर मर्यादा घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्यानें २०२२ सालीं केला.

दुसऱ्याच्या तबकडीचा अंश घेऊन नवें रचण्याची जी रीत हर्कपासून निघाली, तिलाहि कायद्यानें वळण दिलें. १९९१ सालच्या एका खटल्यांत न्यायाधीशानें चोरी करूं नये या बायबलांतील आज्ञेनें निकालपत्रास आरंभ केला. त्यानंतर प्रत्येक अंशासाठीं परवानगी व पैसा लागूं लागला आणि अनेक तुकड्यांची विणकर धाटणी महाग झाली. १९९४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विडंबनास थोडी मोकळीक दिली.

दोषांकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. स्त्रियांविषयीं हीन शब्द, शस्त्रांचें व अमली पदार्थांवरील कमाईचें कौतुक यांनीं पुष्कळ पद्यें डागाळलीं आहेत. तुपाक शकूर (१९९६) व नोटोरिअस बी. आय्‌. जी. (१९९७) हे दोन नामवंत सहा महिन्यांच्या अंतरानें गोळ्यांस बळी पडले. स्त्रियांचा वाटा आरंभापासून असतांना तो झांकला गेला. 'फंकी फोर प्लस वन' या मेळ्यांतील शा-रॉक ही १९८१ सालीं राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आपल्या मेळ्यासह गाइली, हें आज कितीजणांस ठाऊक आहे? दुसऱ्या बाजूस, २०१८ सालीं केंड्रिक लमार यास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें बी-बॉयांचें नृत्य स्पर्धेंत आलें. ज्या मुलांच्या भांडणांतून तहाची गरज पडली होती, त्यांचीच झुंज आतां गुण मोजून खेळली गेली.

९. साधनांची आजची स्थिति

पहिलीं सहा वर्षें या कलेच्या तबकड्या निघाल्याच नाहींत. त्या काळाचीं साधनें म्हणजे मेजवान्यांत घेतलेल्या ध्वनिफिती, हस्तपत्रकें, छायाचित्रें व आठवणी. फिती प्रतीवरून प्रत अशा फिरल्या. प्रत्येक नकलेंत आवाज क्षीण झाला. मूळ फीत कोणती हें ठरविणें पोथ्यांची वंशावळ लावण्याइतकेंच कठीण आहे. हस्तपत्रकांवर तारीख, स्थळ, मूल्य व मेळ्यांचीं नांवें असल्यामुळें शकावलीस तीं अमोल आहेत. बडी एस्क्वायर या ब्राँक्सच्या चित्रकारानें हातानें रेखाटलेलीं पत्रकें त्यांत अग्रगण्य होत. कार्य झालें कीं तीं रस्त्यावर टाकलीं जात. २००७ सालीं कॉर्नेल विद्यापीठानें योहान कुगेलबर्ग या संग्राहकाच्या सामुग्रीवरून हिप्-हॉपचा स्वतंत्र संग्रह स्थापिला व हीं पत्रकें प्राचीन हस्तलिखितांच्या शेजारीं जपून ठेविलीं. दुसरीकडे, २०२२ सालीं हर्कच्या संग्रहांतील वस्तु न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावांत विकल्या गेल्या. वृद्धपणीं कलावंतानें आपल्या वस्तु विकूं नयेत असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पण विकण्यापूर्वीं त्यांची सूचि व्हावी, एवढें संग्राहकांनीं पाहावें.

खुद्द इमारतीचा इतिहास उद्‌बोधक आहे. १५२० सेजविक ॲव्हेन्यू ही मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठीं सरकारी सवलतींत बांधलेली. ती योजनेंतून काढून घेण्याचा मालकाचा बेत २००७ सालीं कळतांच भाडेकऱ्यांनीं एकत्र येऊन हर्कच्या साह्यानें तिचें ऐतिहासिक महत्त्व सरकारपुढें मांडलें, व त्या वर्षीं न्यूयॉर्क राज्यानें ती हिप्-हॉपचें जन्मस्थान असल्याचें मान्य केलें. एवढ्यानें विक्री थांबली नाहीं. पुढें कांहीं वर्षांच्या खटपटीनें शहराचें साह्य मिळून तीं घरें परवडणाऱ्या भाड्याचीं राहिलीं. जुन्या तारखेचा उपयोग राहत्या माणसांचें छप्पर वांचविण्याकडे व्हावा, याहून इतिहासाचें चांगलें कार्य मला ठाऊक नाहीं.

१०. समारोप

या कलेचा आपल्या प्रांताशीं संबंध नाहीं असें आतां म्हणतां येत नाहीं. मुंबईच्या वस्त्यांतील डिव्हाइन व नेझी यांचें 'मेरे गली में' २०१५ सालीं निघालें. त्यांच्या जीवनावरून सुचलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ सालीं आला. धारावींतील मेळे हिंदी, मराठी व तामिळ अशा भाषांत पद्यें रचतात. त्यांचा इतिहास लिहिण्याची वेळ येईल तेव्हां पुन्हां तेच प्रश्न उभे राहतील : पहिला कार्यक्रम कोठें झाला, अमुक पद्य कोणाचें, वही कोणाकडे गेली? तेथें वहीहि नसेल. दूरध्वनियंत्रांत टिपलेलें यंत्र बदलतांच जाईल.

म्हणून संग्राहक बंधूंस एवढीच विनंति आहे. आपण तीनशें वर्षांपूर्वींच्या कागदासाठीं गांवोगांव हिंडतों, तें योग्यच आहे. पण शेजारच्या गल्लींत लागलेलें हस्तपत्रक फाडून टाकण्यापूर्वीं त्यावर वर्ष घालून तें एका पाकिटांत ठेवावें; घरांतील मुलांस आपल्या पद्याखालीं तारीख व नांव लिहिण्याची संवय लावावी. माझा नातू आतां तसें करतो. त्याचें काव्य टिकेल कीं नाहीं हें काळ ठरवील. कर्त्याविषयीं मात्र वाद होणार नाहीं. इत्यलम्.